पहिल्या बिस्किटाचा मान

१

ताईचं काम दातांचं. डॉक्टर नव्हती ती. डॉक्टर लोकांच्या तोंडात बघतात, ताई टेबलावर बघायची. दवाखान्यांतून हिरड्यांचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर गुलाबी मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, आणि शेवटी घासूनपुसून चकाकलेली कवळी डबीत घालून पाठवून द्यायची. चोवीस वर्षं हेच चाललं होतं. नुसता चावा बघून ती सांगायची, हा उजव्या बाजूनं जेवतो, ही झोपेत दात खाते. लॅबमधल्या पोरी मुद्दाम सफरचंदाचा लचका तोडून तिच्यापुढे आणायच्या, ओळखा बघू कुणाचा म्हणून. ताई चष्मासुद्धा लावायची नाही आणि बरोबर नाव सांगायची.

धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, ते सगळ्यांनीच उचललं. लॅबमध्ये ताई, दुकानात ताई. तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, त्याला जग मास्तर म्हणायचं; तोसुद्धा एकदा चारचौघांत चुकून तिला ताई म्हणून बसला होता आणि ते त्याला अजून ऐकावं लागत होतं.

आईची कवळी अर्थातच ताईनं केली होती. आईचा वरचा, डावीकडचा पटाशीचा दात जरा आत वळलेला होता. ताईनं तो सरळ बसवला, तर आईनं आरसा बघून कवळी परत दिली. ‘होता तसा वाकडा बसव. नाहीतर आरशात मला दुसरीच बाई दिसते,’ म्हणाली. ताईनं मेण चार वेळा तापवलं तेव्हा कुठे बाईसाहेबांचं समाधान झालं. मुद्दाम वाकडा दात बसवलेली कवळी ताईनं आयुष्यात ती एकच केली.

आता ह्या घरातला नाताळ. झाड, कागदी चांदणी, भेटवस्तू हे सगळं चार घरांत असतं तसंच. पण आदल्या दिवशी दुपारी आई सुंठीची बिस्किटं करायची, आणि ओव्हनमधून निघालेलं पहिलं बिस्कीट, बशीएवढं मोठं, ती मागच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर गार करायला ठेवायची. दार लोटून घ्यायची. पाव तासानं एकटी आत जाऊन त्याचा एक घास खायची, बशी घेऊन बाहेर यायची आणि म्हणायची, ‘झाला नाताळ.’ मग ते उष्टं बिस्कीट वयाप्रमाणे सगळ्यांत फिरायचं. पहिला मान आईचा, दुसरा ताईचा. वडील होते तेव्हा तेसुद्धा ताईच्या नंतर खायचे, कारण ताई लहानपणी त्यावरून एकदा रुसून पलंगाखाली जाऊन बसली होती.

आई शेवटची दोन वर्षं धाकट्याकडे राहिली. दवाखान्यात हलवल्यावर तिनं घरून बिस्किटांचा डबा मागवून घेतला. पत्र्याचा जुना डबा, आत गोल साचा, लाटणं आणि कृतीची वही. पलंगाच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला भावजय. ताईनं हात पुढे केला. आईनं डबा भावजयीच्या मांडीवर ठेवला.

‘हिच्याकडे राहू दे.’

‘आणि मी गं?’ ताई म्हणाली.

‘तुझ्याकडे नको,’ आई म्हणाली, आणि तिनं कूस बदलली.

का नको, ते विचारायचं राहिलं. दोन दिवसांनी आई गेली.

२

पहिल्या नाताळला ताई धाकट्याकडे गेलीच नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं आणि दिवसभर भांडी घासत बसली, घासलेली सुद्धा. दुसऱ्या वर्षी मास्तरांनी तिच्या मागे लागून लागून तिला नेलं. ‘अगं, भाऊ आहे तुझा. बिस्कीट खायचं आहे, खटला लढायचा नाहीये.’

धाकट्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्याच्याच इमारतीला लिफ्ट नव्हती. हा विनोद मास्तर दर वेळी दुसऱ्या मजल्यावर थांबून धापा टाकत करायचे. स्वयंपाकघर लांबट, त्याला लागून मागची छोटी खोली. खोलीत इस्त्रीचं टेबल, कपड्यांचं कपाट, पोरीचा पलंग. खिडकीला गज, आणि पलीकडे शेजारच्या इमारतीची कोरी भिंत. पक्षी बसायलासुद्धा जागा नाही.

भावजय टपाल कार्यालयात खिडकीवर बसायची. बाई साधी, बोलायला मऊ. पण त्या दुपारी ताई तिच्याकडे बघत होती ती परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबासारखी. पीठ चाळलं नाही. लोणी हातानं फेसलं नाही, चमच्यानं फेसलं. रेडिओ चालू. आईच्या लाटण्याला पीठ चिकटलं तर ते सुरीनं खरवडलं. आईच्या लाटण्याला सुरी. ताईला मत्सर वाटत होता, दुसरा शब्द नाही त्याला; छातीत काहीतरी गरम गरम वर यायचं आणि ती ते पाण्याबरोबर गिळायची.

पहिलं बिस्कीट निघालं. भावजयीनं ते बशीत घेतलं, मागच्या खोलीत ठेवून आली, दार लोटलं, आणि नळाखाली हात धुवायला लागली. धाकटा स्टुलावर चढून चांदणीची वायर जोडत होता. मास्तर खुर्चीत, आणि त्यांच्या मांडीवर तीन वर्षांची बबडी, धाकट्याची लेक, झाडाला लावायचे गोळे रंगाप्रमाणे लावत होती. घरातली सगळी माणसं ताईच्या डोळ्यांसमोर होती. ओव्हनमधले दोन्ही ट्रे बाहेर काढून झाले होते.

तेवढ्यात आतून आवाज आला, ‘टक्’.

आईची एक सवय होती. घास गिळला की ती जिभेनं कवळी वर बसवायची. टक्. जेवताना, फोनवर बोलताना, नाटक बघताना. ताई लाजेनं मरायची.

‘खिडकीची कडी असेल,’ ताई मनात म्हणाली. मग तिनं भावजयीकडे बघितलं. भावजयीचे हात नळाखाली होते आणि पाणी नुसतंच वाहत होतं.

पाव तासानं भावजय आत गेली आणि लगेच, अगदी लगेच बाहेर आली. ‘झाला नाताळ,’ ती म्हणाली. बशी ताईपुढे धरली. मोठी म्हणून मान तिचा.

बिस्किटाचा चांगला चतकोर तुकडा गेलेला होता. कड स्वच्छ तुटलेली. वरच्या बाजूला दातांची रांग उमटली होती, आणि त्या रांगेत डावीकडचा एक दात आत वळलेला होता.

‘खा ना ताई,’ धाकटा स्टुलावरून म्हणाला.

३

तिनं ते खाल्लं नाही. दाढ ठणकतेय असं सांगून तिनं बिस्कीट रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं. धाकट्याला वाईट वाटलं, बबडीनं भोकाड पसरलं, मास्तर परतताना वाटभर दोन पावलं पुढे चालले. त्यांना वाटलं, हिनं रागानं केलं.

सुट्टी संपल्यावर लॅब उघडली त्या सकाळी ताई तासभर आधी गेली. लॅबमध्ये सकाळी प्लास्टरचा ओलसर वास असतो आणि फ्रीजसारखी घरघर करणारी एक हवेची मशीन असते, ती तिनं सवयीनं चालू केली. वरच्या फळीवर, मागच्या रांगेत आईच्या दातांचा प्लास्टरचा नमुना होता. कवळी तयार झाल्यावर ताईनं तिचा ठसा घेऊन तो काढून ठेवला होता, कधी मोडली तर दुसरी करता यावी म्हणून. त्याच्यावर धूळ होती. बोटाची एकही खूण नव्हती.

तिनं दिवा जवळ ओढला, बिस्कीट उलटं धरलं आणि नमुन्याचे दात त्या कडेला लावून बघितले.

बसले. थोडेफार नव्हे, अगदी बरोबर बसले. वाकड्या दाताच्या खाचेत वाकडा दात गेला आणि बिस्कीट हातातून सोडलं तरी पडेना.

पोरी कामावर आल्या तेव्हा ताई तशीच बसली होती. एकीनं विचारलं, ‘कुणाचा चावा आहे हो?’ ताई म्हणाली, ‘कळत नाही.’ पोरींना नवल वाटलं.

४

ताई काही भोळीभाबडी बाई नव्हती. तिनं डोकं चालवलं.

पहिला विचार, भावजयीनं कवळी चोरली. आई गेल्यावर गडबडीत काढून घेतली आणि आता कच्च्या पिठावर दाबून हे नाटक करते, घरात आपला वट राहावा म्हणून. ह्या विचारानं ताईला दोन दिवस फार बरं वाटलं. पण मग आठवलं. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी आईचे गाल बसल्यासारखे दिसत होते म्हणून ताईनं स्वतःच्या हातानं कवळी आईच्या तोंडात बसवली होती. ओठ मिटवले होते. आणि झाकण लागेपर्यंत ती तिथून हलली नव्हती, कारण भावजय पायाशी उभी होती आणि डोक्याशी उभं राहायचा मान ताईला सोडायचा नव्हता.

दुसरा विचार, लॅबमधल्या नमुन्यावरून कुणी दुसरी कवळी केली. पण फळीवरची धूळ तशीच होती आणि लॅबची किल्ली ताईकडे होती.

तिसरा विचार, योगायोग. वाकड्या दाताची माणसं काय कमी आहेत. हा विचार ताईनं करून बघितला, आणि सोडून दिला. चोवीस वर्षांत एकाचा चावा दुसऱ्याला बसलेला तिनं बघितला नव्हता.

एवढं झाल्यावर माणसाला भीती वाटायला हवी. ताईला वाटली, नाही असं नाही. पण त्या भीतीच्या खालून जे वर आलं ते तिचं तिलाच नवीन होतं. आई येते. बरं, येते. पण येते कुठे? तर भावजयीकडे. सख्खी लेक इथं एका बसच्या अंतरावर राहते, आणि आई मेल्यावरसुद्धा तीन जिने चढून सुनेच्या हातचं खायला जाते. पीठ न चाळलेलं.

‘काय झालंय तुला?’ मास्तर म्हणाले.

‘काही नाही,’ ताई म्हणाली. ‘ओव्हन घ्यायचा म्हणतेय मोठा.’

५

त्या वर्षी ताईनं किती बिस्किटं केली ह्याला सुमार नाही. कृतीची वही जवळ नव्हती, पण लहानपणापासून आईच्या कुशीशी उभं राहून बघितलेलं होतं, ते हातात होतं. पीठ तीनदा चाळायची. लोणी तळहातानं फेसायची. दर रविवारी दुपारी पहिलं मोठं बिस्कीट आतल्या खोलीच्या खिडकीत ठेवायची, दार लोटायची आणि दाराबाहेर स्टूल टाकून बसायची.

पाव तासानं आत जायची. बिस्कीट अख्खं.

मास्तरांचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला. ‘शाळेतली पोरं मला आता पृथ्वीचा गोल म्हणून वापरतील,’ ते म्हणाले. ताई हसली नाही. आईची आवडती बशी आणली, तरी अख्खं. आईची साडी खुर्चीवर घडी करून ठेवली, तरी अख्खं. एकदा तर दाराला कान लावून ती कुजबुजली, ‘लोणी जास्त घातलंय गं, तुला आवडतं तसं.’ मास्तर मागून पाणी प्यायला आले होते. ते पाणी न पिताच परत गेले.

मे महिन्यात तिनं ठरवलं की ह्यात आपलं काही चुकत नाही. डबा आपल्याकडे नाही, एवढंच चुकतंय. आईला डब्याची वाट माहीत आहे. डबा इकडे आला की आई इकडे येईल. एकदा हे ठरल्यावर तिला झोप लागायला लागली.

६

डिसेंबर लागला तशी ती धाकट्याकडे गेली. मुद्दाम तो कामावर असताना. भावजय मागच्या खोलीत टपालखात्याचा गणवेश इस्त्री करत होती. ताईनं येतानाच्या बसमध्ये चांगलं अर्ध्या तासाचं भांडण तयार करून आणलं होतं.

‘डबा दे,’ ती म्हणाली.

‘न्या ना,’ भावजय म्हणाली.

ताईला खुर्ची शोधून बसावं लागलं.

‘मला तो कधीच नको होता, ताई. त्यांनी मांडीवर ठेवला, नाही कसं म्हणणार.’ भावजयीनं इस्त्री उभी केली. ‘तो घास मी घेत नाही. मी फक्त बशी उचलून आणते.’

‘माहीत आहे मला.’

‘मला आधी वाटलं, तुम्ही करताय. त्यांच्या दातांचा साचा तुमच्याकडे आहे ना. राग काढताय माझ्यावर असं वाटलं. पण पहिल्या वर्षी तुम्ही आलाच नव्हता, तरी घास गेलेला होता.’

‘तुला कसं कळलं, आईचाच आहे म्हणून?’ ताईचा आवाज चढला. ‘तू कुठे दातांचं शिकलीस?’

‘दोन वर्षं रोज ती कवळी मी धुतलीय, ताई. तो वाकडा दात माझ्या अंगठ्याला माहीत आहे.’

 धुवायला ताई येऊ शकली असती. आली नव्हती. आणि आता ते रोजचं धुणंसुद्धा त्या बाईचं झालं होतं.

भावजय कपाटाच्या वरच्या कप्प्यातून डबा काढून घेऊन आली. तो ताईच्या हातात देताना तिनं सोडला नाही लगेच.

‘पहिल्या वर्षी कडेला एवढंसं होतं,’ तिनं नखाएवढं दाखवलं. ‘गेल्या वर्षी तुम्ही बघितलंत. म्हणून एक विचारते. ह्या वर्षी आम्ही इथं काहीच केलं नाही, तर चालेल ना? की एखादं साधं, लहानसं भाजून ठेवू खिडकीत? बबडी आता ह्याच खोलीत झोपते दुपारची.’

चार वाक्यांत तिनं सगळं सांगितलं होतं. ताईला ते समजलं नाही असं नाही. समजलं आणि त्याच क्षणी तिच्या डोळ्यांपुढे दोन बशा आल्या, एक इथं आणि एक तिथं, आणि तिची बशी अख्खी.

‘काही ठेवायचं नाही,’ ती म्हणाली. ‘ओव्हन लावायचा नाही. त्या दिवशी ह्या घरात बिस्किटाचा वाससुद्धा येता कामा नये.’

‘पण चालेल ना?’

‘काय होणार आहे? आई आहे ती.’

भावजयीनं डबा सोडला.

७

ठरलं असं की चोवीस तारखेला ताईकडे सगळ्यांनी पाच वाजता जमायचं आणि ताईनं बशी फिरवायची. इतक्या वर्षांनी घरातला नाताळ थोरल्या लेकीकडे. ताईनं नवे पडदे लावले. मास्तरांनी चांदणी टांगली, ती तिरकी लागली, आणि त्यांनी ती पृथ्वीच्या आसाइतकीच तिरकी आहे असं सांगून वेळ मारून नेली.

तीन वाजता पहिलं बिस्कीट निघालं. आईच्या साच्यातलं, आईच्या वहीतलं. रंग असा आला होता की ताईचे डोळे भरून आले. तिनं ते आतल्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, दार लोटलं आणि बाहेर स्टुलावर बसली. गुडघ्यावर कृतीची वही, हात वहीवर.

ओव्हन गार होताना पत्रा कुरकुरला. पलीकडच्या खोलीत मास्तरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ताई श्वास धरून ऐकत होती. एक टक्. एकच हवा होता तिला.

पाव तास झाला. तिनं अजून पाव तास दिला, आई म्हातारी आहे, नवीन घर आहे, असं म्हणून. मग साडेतीनला आणि पुन्हा चारला दार उघडलं. बिस्कीट अख्खं होतं. वाफ गेली होती, कडा कडक झाल्या होत्या. खोलीत सुंठीचा वास भरून राहिला होता आणि बाकी काही नव्हतं. इतकी रिकामी खोली तिनं कधी बघितली नव्हती.

‘ये ना गं,’ ती म्हणाली.

सव्वाचारला फोन वाजला.

८

‘ताई, आम्हाला यायला जमेलसं वाटत नाही,’ धाकटा म्हणाला. ‘बबडीला काहीतरी चावलं. दुपारी झोपली होती मागच्या खोलीत. मांजर म्हणावं तर तिसऱ्या मजल्यावर खिडकीतून येणार कुठून? तुला फोटो पाठवलाय, तू दातांतली, जरा बघ. दवाखान्यात नेऊ का?’

‘रडतेय?’

‘तेच तर. रडत नाहीये. दुखलं नाही म्हणते. गार लागलं म्हणते.’

ताईनं फोटो उघडला. चादरीवर पोरीचा हात, कोपराच्या जरा खाली गुबगुबीत जागेवर दोन लाल कमानी. कातडी फाटली नव्हती. चव बघितल्यासारखं नुसतं धरून सोडलं होतं. वरच्या कमानीत डावीकडची एक खूण आत वळलेली होती.

पोरीचं कसं होईल, हे तिच्या मनात यायला हवं होतं. आलंसुद्धा, पण दुसरं आलं. आधी आलं ते हे, की तिथंच गेली. बिस्कीट नाही, डबा नाही, ओव्हन बंद, काही नाही, तरी तिथंच गेली. आणि लोणी घालून, पीठ तीनदा चाळून इथं मी बसलेय.

फोन आता भावजयीच्या हातात होता. तिचा आवाज खाली आला होता, जवळ कुणी झोपलंय आणि जागं होऊ नये असं बोलावं तसा.

‘ताई, मी ओव्हन लावलाय. पीठ काढलंय. सुंठ किती आणि लोणी किती, मला पाठ नाही. दुसरं काही ठेवून बघितलं. पाव ठेवला, तो तसाच आहे. तुम्ही वही वाचा, मी घालत जाते.’

‘बबडी कुठे आहे?’

‘यांच्या कडेवर आहे. पण दाराकडे हात करतेय सारखी. आतून आवाज येतोय, ताई. थांबत नाहीये. तुम्ही ऐका.’

तिनं फोन लांब धरला असावा. आधी नुसती खरखर आली. मग टक्. मग पुन्हा टक्. मध्ये अंतर कमी कमी होत होतं.

ताईला रडू आलं, कारण वर्षभर दाराबाहेर बसून वाट बघितलेला तो आवाज कानाशी आला होता आणि तो सुद्धा भावजयीच्या फोनमधून.

‘ताई? वाचताय ना?’

वही गुडघ्यावर होती. पान उघडंच होतं. आईचं अक्षर मोठं, गोल. चष्म्याशिवाय वाचता येत होतं. पहिल्या ओळीत लोणी, दुसऱ्या ओळीत सुंठ. वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं. वाचलं की तिथं बिस्कीट होणार, तिथली बशी भरणार आणि दर वर्षी भरत राहणार. इकडची आशा मग कायमची सोडायची.

‘वही सापडत नाहीये,’ ताई म्हणाली.

‘असं कसं? आत्ताच केलंत ना तुम्ही?’

‘बघते. सापडली की करते फोन.’

तिनं फोन बंद केला.  वाईट नाही करत मी, तिनं स्वतःला समजावलं. आईला इकडे बोलावून घेते, म्हणजे पोरीचं सुटेल, सगळ्यांचंच सुटेल. हे तिला इतकं पटलं की तिनं वही मिटून डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं.

मग ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर अजून उजेड होता. खिडकीची काच स्वच्छ, कट्ट्यावर बशी. ताईनं बशी उचलून खाली जमिनीवर ठेवली. डाव्या हाताच्या बांगड्या काढल्या, बाही कोपराच्या वर सारली, आणि बशी होती त्या जागी, कट्ट्याच्या दगडावर, हात उताणा ठेवला. आपलाच हात तिला सुकलेला वाटला. तिनं दुसऱ्या हातानं तो चोळून जरा लाल केला.

बाहेर फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. ‘अगं, धाकट्याचा फोन आहे,’ मास्तर म्हणाले. मग दारावर थाप मारली. ‘पोरगी ओरडतेय गं तिकडे. वही वही म्हणताहेत. कुठली वही?’

ताईनं डोळे मिटले.

‘आई,’ ती म्हणाली, ‘इकडे पण ये की.’